हवा आधी येते, पाणी नंतर

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

 

मला विषय दिला होता, 'मुस्लिम तरुण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन'. विषय मोठा आहे आणि कालपासून इथं त्यावर बरंच चांगलं बोलून झालंय. त्यामुळं तुमच्या परवानगीनं मी तो जरा लहान करते. इतका लहान, की अर्ध्या इंची नळात मावेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण आजची गोष्ट शाळेतली नाही, आमच्या घरातली आहे. माझ्या धाकट्या भावानं नऊ वर्षांचा असताना घरातली एक नेहमीची अडचण सोडवली, त्याची. आणि ती सुटल्यावर घरात काय काय झालं, त्याची. हा दुसरा भाग जास्त लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

साल २००९. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही म्हणाल हे त्या गावाचं झालं, आमचं वेगळं. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. तुमच्यापैकी किती जणांकडं चौथ्या-पाचव्या दिवशी येतं? हात वर करा... बघा. आणि येण्याची वेळ? ठरलेली नाही, बरोबर. आमच्याकडं बहुतेक वेळा रात्रीच. कधी साडेबाराला, कधी पहाटे चारला. कधी पाचवा दिवस कोरडाच जायचा आणि सहाव्या रात्री यायचं. आलं की तासभर, फार तर दीड तास.

गल्लीत चौदा घरं, सगळ्यांची मिळून एकच लाइन, आणि आमचं घर अगदी शेवटी. प्रेशर नसल्यामुळं नळ जमिनीच्या खाली, खड्ड्यात. खड्ड्यात उतरून हंडा लावायचा, भरला की वर द्यायचा. नळाला तोटी नव्हतीच. कशाला लागते? पाणी असतं तेव्हा ते बंद करावं असं कोणालाच वाटत नाही.

घरात दादी, अब्बू, अम्मी, मी, मधला भाऊ आणि हा धाकटा. अब्बू दिवसभर रिक्षा चालवून थकून यायचे. अम्मी शिलाईकाम करायची, तिची कंबर धरलेली असायची. दादीचं वय झालेलं. मधला भाऊ माझ्याहून एका वर्षानं लहान, पण त्याला उठवायचं कोणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. मग उरलं कोण? सातवीपासून पाण्याच्या रात्री मी उठायचे. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आठवत नाही. कोणी ठरवलंच नसावं. आपल्या घरांत अशा गोष्टी ठरत नाहीत, त्या असतात.

पाण्यासाठी उठायचं म्हणजे एकदा उठायचं असं नाही. वेळ माहीत नाही म्हणजे दर अर्ध्या तासानं जाग यायला हवी. मी अंगणात खड्ड्याशेजारी चटई टाकून झोपायचे. झोपायचे म्हणजे पडायचे. अर्धा कान नळाकडं. पाणी आलं की अम्मीला हाक मारायची, मी खड्ड्यात, ती वर, आणि पिंप, रांजण, घागरी, कळशा, शेवटी तवे-पातेली सोडून जे जे भरता येईल ते भरायचं. मग सकाळी सातची शाळा.

दहावीत एकदा भूमितीच्या तासाला डोळा लागला. बाईंनी उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "रात्री काय करतेस गं?" वर्ग हसला. पाणी भरते, असं एवढं साधं उत्तर मला देता आलं नाही. का कोण जाणे, त्याचीच लाज वाटली.

आणि एकदा मला खरंच गाढ झोप लागली. पाणी येऊन गेलं. सकाळी पाहिलं तर खड्डा ओला आणि सगळी भांडी कोरडी. मला कोणी मारलं नाही, ओरडलंसुद्धा नाही. दादी एवढंच म्हणाली, "बच्ची सो गई." पुढचे पाच दिवस अम्मी या दारी त्या दारी कळशी घेऊन जात होती, आणि मी ते बघत होते. त्यापेक्षा एक थप्पड बरी होती.

आता धाकटा. त्याला उकाड्यात घरात झोप यायची नाही, म्हणून तो माझ्या चटईवर येऊन पडायचा. आणि त्याला खोड होती, नळाला कान लावायची. मी म्हणायचे, घाण आहे ते, उठ. एका रात्री त्यानं मला हलवलं आणि म्हणाला, "आपा, हवा पयले आती. पानी बाद में आता." मी म्हटलं, "सो जा."

तुम्हाला खरं सांगते, तो फुस्स आवाज मी तीन वर्षं ऐकत होते. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो हे मला माहीत होतं, अम्मीला माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण आमच्यासाठी तो आवाज म्हणजे पाणी आलं, उठा. त्याच्यासाठी ती वेगळी वस्तू होती. हवा. आधी येणारी.

का येते ती आधी? चार दिवस पाइप रिकामा असतो, म्हणजे तो हवेनं भरलेला असतो. टाकीजवळचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी पाइपात शिरतं आणि पुढची हवा ढकलत निघतं. हवेला जिथं तोंड मिळेल तिथून ती बाहेर पडते. ज्या गावांत नळाला मीटर आहेत आणि पाणी असंच थांबून थांबून सोडतात, तिथं लोकांची तक्रार असते की पाण्याआधी हवेनंच मीटर फिरतं. ती तक्रार खोटी नाही. आमचं घर लाइनीच्या टोकाला, म्हणून आमच्याकडं हवा बराच वेळ यायची, दहा-बारा मिनिटं. शेवटचं घर असण्याचा तेवढाच काय तो फायदा.

धाकट्यानं लगेच काही पिपाणी लावली नाही. आधी त्यानं स्टीलची ताटली नळाखाली उपडी ठेवली. पाणी पडलं की वाजेल. वाजायचीही, पण खड्ड्यातून आवाज वर येईना, आणि नळातून उरलेलं पाणी रात्रभर थेंब थेंब गळायचं त्यानंही ती टण टण करायची. मी चार वेळा फुकट उठले आणि ताटली फेकून दिली. मग त्यानं नळाच्या तोंडाला फुगा बांधला. फुगा छान फुगला. पण फुगा फुगताना आवाज करत नाही! सकाळी तो पाण्यानं भरून फुटलेला सापडला. मी हसले, तो रडला.

त्याच महिन्यात आमच्या गावचा उरुस होता. उरुसात फुग्याला लावलेली पिपाणी मिळते, आठवते का? फुगवायची आणि सोडून द्यायची, की फुगा रिकामा होईपर्यंत ती ओरडते. धाकट्याचा फुगा घरी येईपर्यंत फुटला आणि हातात नुसती पिपाणी राहिली. ती तोंडात धरून तो दोन दिवस घरभर फिरला, दादीनं कानात बोटं घातली. तिसऱ्या दिवशी पिपाणी गप्प झाली. म्हणजे त्यानं ती नळाला लावली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा नळाच्या तोंडावर चढवला, दुसऱ्या टोकाला पिपाणी, वरून सुतळीनं गच्च आवळलं. पाण्याच्या जोरानं पिपाणी उडून हरवू नये म्हणून तिला दोरा बांधून खड्ड्याच्या कडेच्या खिळ्याला अडकवला. हा दोरा मला फार आवडतो. पहिल्याच वेळी त्यानं तो विचार केला होता.

पाणी आलं पहाटे तीनला.

तो आवाज कसा सांगू? बकरीचं पिल्लू आणि लग्नाची सनई यांच्या मधला काहीतरी. आणि थांबेचना. दादी उठून बसली आणि कलमा पुटपुटायला लागली. गल्लीतली सगळी कुत्री एका सुरात. अब्बू लुंगी सावरत बाहेर आले, मधला भाऊ आला, शेजारच्या खाला भिंतीवरून डोकावल्या. मी चटईवर बसून बघत होते. पाण्याच्या रात्री अब्बूंना अंगणात उभं असलेलं मी पहिल्यांदा बघत होते. आता उठलेच होते, तर त्यांनी हंडा हातात घेतला. खड्ड्यात पाणी यायच्या आत सगळी भांडी ओळीनं लागली होती. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही पाण्याची वाट बघत उभे होतो. नाहीतर एरवी पाणी आमची वाट बघून निघून जाणार, अशी धावपळ.

सकाळी धाकट्याचं कौतुक. अब्बूंनी ५० रुपये दिले. दादीनं नजर उतरवली. "इंजिनियर बनेगा," सगळे म्हणाले. खाला त्यांच्या पोराला घेऊन आल्या, बघ म्हणाल्या, याला म्हणतात डोकं.

आणि मला राग आला. आज इतक्या वर्षांनी हे बोलायला हरकत नाही. तीन वर्षं जी उठली तिला कधी कोणी ५ रुपये दिले नव्हते, आणि ज्यानं एक पिपाणी लावली त्याला ५०. आपल्याकडं श्रमाचं कौतुक नाही, युक्तीचं आहे. आणि युक्ती मुलानं केली असेल तर विचारूच नका. तुम्ही म्हणाल, आपा, नऊ वर्षांच्या पोरावर काय रागावता. रागावले होते, काय करू.

पुढं शिक्षिका झाल्यावर मी मुलांच्या शोधांबद्दल मिळेल ते वाचायला लागले. केरळच्या रेम्या जोसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मलप्पुरम जिल्ह्यातली. शाळेत होती, आई आजारी, वडिलांवर कॅन्सरचे उपचार चाललेले, आणि घरभराचे कपडे धुण्याचं काम मुलींवर. तिनं सायकलसारखं पेडल मारून चालणारं कपडे धुण्याचं यंत्र बनवलं, वीज लागत नाही असं. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्याबद्दल जे जे वाचते त्यात यंत्राचं वर्णन असतं, आणि ते असायलाच हवं, हुशारीचंच यंत्र आहे. पण माझी नजर दुसरीकडं जाते. आई आजारी पडली की धुणं कोणाकडं जातं? शाळेतल्या मुलींकडं. शोध तिथून सुरू होतो.

एक आकडा सांगते. एकच, घाबरू नका. २०१९ मध्ये आपल्या सरकारनं देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आणि हे फक्त जे घरकाम करतात त्या पुरुषांचं. मुळात करणारेच थोडे.

बरं, परत नळावर येऊ.

पिपाणी दोन-तीनदा वाजली आणि कौतुक ओसरलं. आता तिचं नाव झालं झोपमोड. दादी म्हणाली, हे काही बरं नाही, लोक काय म्हणतील. मधल्या भावानं तर तोडगाच काढला. पिपाणीत थोडा कापूस घाल, म्हणजे आवाज कमी होईल. आपा जवळच झोपते, तिला ऐकू येईल तेवढा पुरे, आम्हाला कशाला? तोडगा बरोबर होता. तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर. अब्बूंनीही मान डोलावली.

धाकटा ताटावर बसला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "फिर आपा कायकू उठती? पानी तो सबी पीते."

तो भांडत नव्हता. मोठं काही बोलतोय हेही त्याच्या गावी नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं पिपाणी बनवली होती ती पाणी आल्याचं घराला कळावं म्हणून, आणि घर त्याला सांगत होतं की कळलं पाहिजे ते फक्त आपाला.

कोणी काही बोललं नाही. अम्मी उठून आत गेली. भाकरी करपत होती म्हणून गेली असेल. अब्बू बराच वेळ जेवत राहिले. मग हात धुताना म्हणाले, "कापूस नको. या वेळी मी उठतो. पुढच्या वेळी हा," म्हणजे मधला, "मग तू." मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला भीती वाटली की बघितलं तर ते शब्द मागं घेतील.

फार सुंदर चाललं असं समजू नका. मधल्याची पहिली पाळी आली तेव्हा त्यानं एक पिंप आणि दोन हंडे भरले आणि जाऊन झोपला. पाच दिवस सगळ्यांनी जपून पाणी वापरलं आणि सगळ्यांनी त्याला बोल लावले. पुढच्या पाळीला त्यानं सगळं भरलं. हंडा खड्ड्यातून वर देताना पाठीला काय होतं हे त्याला त्या दिवशी कळलं, असं त्यानंच पुढं मला सांगितलं. मला ते तीन वर्षांत सांगायला जमलं नव्हतं.

आमचे चावीवाले काका, म्हणजे लाइनीचा व्हॉल्व्ह उघडणारे, त्यांच्या कानावर पिपाणीची गोष्ट गेली आणि ते मुद्दाम बघायला आले. हसले. पण एक काम चांगलं केलं. आम्ही पिपाणी काढली की नळाला रबरी नळी लावून तिचं टोक सरळ पिंपात बुडवत होतो. ते म्हणाले, असं करू नका. पाणी बंद होतं तेव्हा पाइप मागं ओढतो. नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तुमच्या पिंपातलं पाणी उलटं लाइनीत जातं, आणि खड्ड्यात सांडपाणी असेल तर तेही. पुढच्या वेळी तेच पहिलं पाणी म्हणून सगळ्यांच्या घरी येतं. नळीचं तोंड पाण्याच्या वर धरा, आणि सुरुवातीचं गढूळ पाणी पिऊ नका. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी पाणी असंच येत असेल तर आज फोन करून घरी सांगा. माझं बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल.

मार्च आला, माझी दहावीची परीक्षा, आणि पिपाणी गप्प झाली.

पाणी यायचं, पण उशिरा, बारीक धारेनं, आणि पिपाणी वाजायची नाही. धाकट्यानं ती काढून तोंडानं वाजवून बघितली, वाजत होती. ट्यूब बदलली. तरी नाही. मग एका रात्री त्यानं माझ्या वहीचं पान फाडलं, ओलं केलं आणि नळाच्या तोंडाशी धरलं. पान चिकटलं. आत ओढलं गेलं. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. तो इतका घाबरला की त्यानं मला उठवलं. मलाही वाटलं, हे काय भलतंच.

उत्तर दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आलं. चार घरं सोडून आमच्या बडे अब्बांचं घर, म्हणजे अब्बूंच्या थोरल्या भावाचं. ते तणतणत आले. म्हणाले, तुमच्या पोरानं नळ उघडा ठेवलाय, त्यातून लाइनीत हवा शिरते, माझी मोटर हवा धरते, पाणीच उचलत नाही!

अब्बूंनी विचारलं, "कोणती मोटर?"

बडे अब्बा थांबले. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर नळाला थेट मोटर जोडली होती. अशी मोटर लावली की लाइनीतलं पाणी ती ओढून घेते आणि पुढच्या घरांना काही उरत नाही. नियमानं तिला बंदी असते. आणि तरी ती घरोघर असते. माहीत आहे ना? हसू नका, तुमच्यातल्या कोणाच्या तरी घरी असेल.

आता हे घरातलंच प्रकरण. थोरला भाऊ. दादी ज्यांच्याकडं महिन्यातले पंधरा दिवस राहायची ते घर. अब्बू काही बोलू शकले नाहीत, आणि त्या वेळी मला त्याचा फार राग आला होता. आता येत नाही. थोरल्या भावाला तोंडावर सांगणं किती अवघड असतं ते आता कळतं. रस्ता अम्मीनं काढला. ती बडी अम्मीकडं गेली आणि भांडली नाही. एवढंच म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, तिच्या पाळीला पाणी येत नाही. बडी अम्मीनं स्वतः किती वर्षं खड्ड्यात उतरून पाणी भरलं होतं, तिला काय सांगायचं? मग खाला आल्या, मग आणखी दोघी. मोजलं तेव्हा चौदा घरांत पाच मोटरी निघाल्या. ठरलं असं की पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कोणी मोटर लावायची नाही. पिपाणी वाजली की अर्धा तास सुरू. एका पोराची पिपाणी गल्लीचं घड्याळ झाली.

तो उन्हाळा हे चाललं. पुढच्या उन्हाळ्यात मोडलं. एकानं लावली, मग दुसऱ्यानं. हेही सांगायला हवं, कारण अशा गोष्टी सांगताना आपण मोडलेला भाग गाळून टाकतो.

अजून एक, मग थांबते. बी.एड. करताना वाचनालयात मला अल-जझरीबद्दलचं एक पुस्तक मिळालं. बाराव्या-तेराव्या शतकातला यंत्रकार, आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकीरच्या दरबारातला. यंत्रांवरचं आपलं पुस्तक त्यानं १२०६ मध्ये पूर्ण केलं. पाणी उपसायची यंत्रं, पाण्यावर चालणारी घड्याळं, सगळं आकृत्यांसह. त्यात एक आपोआप वाजत राहणारी बासरी आहे. बंद टाकीत पाणी शिरतं, आतली हवा ढकलली जाते, हवा बासरीतून निघते, बासरी वाजते. एक टाकी भरली की पाणी दुसरीकडं वळतं. मी वाचनालयात बसून एकटीच हसले. आमच्या खड्ड्यातली पिपाणी!

पण हे मी 'बघा, आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं' म्हणून सांगत नाही. तसं बोलायची आपल्याला सवय लागली आहे आणि त्यानं कोणाच्या घरचा हंडा भरत नाही. धाकट्यानं अल-जझरीचं नावही ऐकलं नव्हतं. त्यानं नळाला कान लावला होता. अल-जझरीनंही आधी कुठं तरी कान लावला असणार. मराठीत आपण 'हिकमती माणूस' म्हणतो. हिकमत हा शब्द अरबीतून आला, तिकडं त्याचा अर्थ शहाणपण असा आहे. इकडं येता येता तो युक्ती झाला. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, एवढंच ध्यानात ठेवते मी.

दहावीला मला ७१ टक्के पडले. आमच्या घरात दहावी झालेली मी पहिली मुलगी. भूमितीत कमी पडले, ते मात्र पिपाणीच्या माथी मारू शकत नाही. धाकटा इंजिनियर झाला नाही. त्याचं कापडाचं दुकान आहे, बरं चाललंय, आणि दुकानातला पंखा बिघडला तर तो दुसऱ्याला बोलावतो.

मागच्या ईदला घरी गेले होते. आता नळाला तोटी आहे, खड्डा बुजवलाय, पाणी चौथ्या दिवशी येतं आणि येण्याआधी फोनवर मेसेज येतो. किती छान, मी म्हटलं. मेसेज कोणाच्या फोनवर येतो? भाभीच्या. म्हणजे मधल्या भावाच्या बायकोच्या. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "नंबर तिचाच दिलाय ना, घरात तीच असते." धाकट्यानं काही न बोलता भाभीकडून सगळी माहिती घेतली आणि स्वतःचा नंबर तिथं टाकला.

परवा इथं यायला निघताना त्याला फोन केला, तुझी गोष्ट सांगणार आहे म्हणून. विचारलं, मेसेज येतात का? म्हणाला, "येतात आपा. परवा पहाटे तीनला आला होता. मी झोपलो होतो. भाभीच उठली."

मी म्हटलं, पिपाणी शोध.